यादी आणि पारख



संयोजकांनी मला विषय कळवला तेव्हा त्याचं नाव भारदस्त होतं : 'माध्यमांची निवड आणि ख्रिस्ती विवेक'. समोर बसलेल्यांत ख्रिस्ती आहेत, ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ आहेत, आणि पुढे हे व्याख्यान वाचणाऱ्यांत तर सगळेच असतील. म्हणून प्रश्न साध्या शब्दांत मांडतो. रोज आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं काय पाहावं, काय पाहू नये, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावं?

हा प्रश्न माझ्याकडे ग्रंथालयातून आलेला नाही, फोनवरून आला. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ घेता. मला एक यादी करून द्या. कुठल्या मालिका, कुठले सिनेमे याला चालतील आणि कुठले नाहीत." 'याला' म्हणजे माझ्या नातवाला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मी उत्साहानं कामाला लागलो. दोन पानं भरली. डावीकडे 'चालेल', उजवीकडे 'चालणार नाही'. शिव्या किती, मारामारी किती, उघडंवाघडं किती, देवाधर्माची टिंगल आहे का, असे रकाने पाडले. पेपर तपासायची जुनी सवय, दुसरं काय!

त्या यादीनंतर एक गोष्ट घडली. नातू दर शनिवारी फोनवर मला काय पाहिलं ते सांगायचा. गोष्ट सांगताना मध्येच हसायचा, शेवट सांगू की नको म्हणून मला चिडवायचा. ते थांबलं. "काय पाहिलंस?" विचारलं की "काही नाही, आजोबा." तो पाहत होताच. त्याच्या आईला ते ठाऊक होतं, मलाही होतं. फक्त मला सांगणं बंद झालं. तेव्हा आज मी ज्या लेखनावर टीका करणार आहे, ते माझंच आहे. ती दोन पानं.

खरं तर ती यादी मला वारशानं आली होती. आम्ही अहमदनगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर. वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी उपदेशक. त्यांच्या यादीला एकच रकाना होता : सिनेमा नाही. गावाच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मी अकरा वर्षांचा असेन, तिथे प्रभातचा 'संत तुकाराम' आला. सिनेमा १९३६ चा, पण तंबूंतून तो पुढे कितीतरी वर्षं फिरत होता. अभ्यासाला मित्राकडे जातो असं सांगून मी गेलो, जमिनीवर बसून पाहिला. परत आलो तर चड्डीला मागून माती. वडिलांनी एकदा मातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लाकडी पट्टी काढली.

आता यातली गंमत बघा. आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हटली जात. आणि आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, हे टिळक स्वतः मोकळेपणानं सांगत. म्हणजे ज्या पुलावरून आमच्या घरातलं भजन चालत आलं, त्या पुलाचा सिनेमा पाहिला म्हणून मी पट्टी खाल्ली! वडील वाईट नव्हते. त्यांनी तुकाराम नाकारला नव्हता, तंबू नाकारला होता. आत काय चाललंय हे पाहायची गरज त्यांना वाटली नाही, कारण यादीत तंबू आधीच बसलेला होता. मी त्या दिवशी काय शिकलो? पुढच्या वेळी घरात शिरण्याआधी माती झटकायची.

पण म्हणून यादी करणाऱ्यांना मी हसणार नाही. त्यांची बाजू आधी नीट ऐकू. संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मध्ये सहाव्या भागात त्याच्या अलिपियस नावाच्या मित्राची हकिगत आहे. हा तरुण कायदा शिकायला रोमला गेला. त्याला तलवारबाजांच्या जीवघेण्या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढतच तिथे नेलं. तो म्हणाला, माझं शरीर न्याल, मन नेणार नाही. डोळे मिटून बसला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. खाली कुणीतरी पडलं, गर्दीनं एकच गर्जना केली, आणि यानं डोळे उघडले. रक्त पाहिलं आणि नजर हटेना. पुढे तो स्वतः जाऊ लागला, इतकंच नव्हे तर दुसऱ्यांना ओढून नेऊ लागला. ही हकिगत सोळाशे वर्षांपूर्वीची आहे, पण 'माझ्यावर काही परिणाम होत नाही, मी नुसता पाहतो' असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी. पाहणं ही कृती आहे, आणि कृतीनं माणूस घडतो, हे अ‍ॅरिस्टॉटलही सांगून गेला. तेव्हा काही गोष्टींना दार बंद असलंच पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देऊन 'तुझा विवेक वापर' म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे. यादी ही कुंपणासारखी आहे. रोप लहान असताना कुंपण हवंच. माझी तक्रार अशी आहे की आम्ही कुंपणालाच बाग समजतो.

ख्रिस्ती परंपरेत ही समजूत फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियननं खेळतमाशांवर एक पुस्तिका लिहिली. नाटकं, शर्यती, आखाडे, सगळं ख्रिस्ती माणसाला वर्ज्य. युक्तिवाद कडक आहे, काही जागी मार्मिकही. पण शेवट पाहा. तमाशे सोडल्याबद्दल तुम्हाला भरपाई मिळेल असं तो सांगतो, आणि ती भरपाई काय? शेवटच्या न्यायाच्या दिवशी छळ करणारे राजे, तत्त्वज्ञ, नट आगीत जळताना पाहायला मिळतील, तो सगळ्यांत मोठा तमाशा! म्हणजे आखाडा बंद केला, पण आखाड्याची भूक तशीच राहिली, नुसती पुढे ढकलली. यादीची पहिली मर्यादा ही. ती समोरची वस्तू हलवते, पाहणाऱ्याची भूक तिच्या हाताला लागत नाही.

दुसरी मर्यादा विसाव्या शतकात दिसली. रोमन चर्चची निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ मध्ये निघाली आणि १९६६ मध्ये रद्द झाली, म्हणजे चारशे वर्षं चालली. सिनेमा आल्यावर तशीच व्यवस्था सिनेमासाठी उभी राहिली. अमेरिकेत १९३०च्या दशकात 'लीजन ऑफ डिसेन्सी' नावाची चळवळ सुरू झाली. ती चित्रपटांना ए, बी, सी असे दर्जे देई. सी म्हणजे धिक्कृत. असे चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लोक चर्चमध्ये उभे राहून घेत. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या आपल्या परिपत्रकात या प्रयत्नाची तारीफ केली. हेतू प्रामाणिक होता, हे मान्य करू.

आता पुढचं ऐका. इटलीचा दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी. त्याच्या 'द मिरॅकल' या छोट्या चित्रपटात एका भोळ्या खेडूत बाईला एक अनोळखी माणूस संत योसेफ वाटतो. तो तिला फसवतो, तिला दिवस जातात, आणि आपल्या पोटातलं बाळ ईश्वरी आहे असं ती मानते. गाव तिची टवाळी करतं. न्यूयॉर्कमध्ये तो लागला तेव्हा कार्डिनल स्पेलमन यांनी त्याचा जाहीर धिक्कार केला, चित्रगृहाबाहेर निदर्शनं झाली, परवाना रद्द झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२ मध्ये निकाल लागला की सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. याच रोसेलिनीनं १९५० मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसवर चित्रपट केला होता. सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून १९९५ मध्ये व्हॅटिकननं ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली, त्यात धर्म या विभागात तो फ्रान्सिस आहे. लुई बुन्युएलचा 'विरिदियाना' व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं १९६१ मध्ये धिक्कारला. १९९५ च्या यादीत त्याच बुन्युएलचा 'नासारिन' आहे. पासोलिनीला १९६३ मध्ये एका लघुपटासाठी धर्माच्या अवमानाबद्दल इटलीच्या न्यायालयानं शिक्षा सुनावली. १९६४ मध्ये त्यानं, स्वतः मार्क्सवादी आणि नास्तिक असताना, मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला, आणि तोही त्या यादीत आहे.

यावरून चर्च ढोंगी आहे असा निष्कर्ष कुणी काढेल. मी काढत नाही. उलट, आपला निर्णय सुधारायला तयार असणं ही मोठी गोष्ट आहे. मला दिसतं ते असं, की चित्रपटातल्या आक्षेपार्ह गोष्टी मोजता येतात, पण तो चित्रपट कशाकडे आणि कोणत्या नजरेनं पाहतो हे मोजता येत नाही. फसवली गेलेली, टवाळी सोसणारी ती बाई रोसेलिनीनं कोणत्या नजरेनं पाहिली? हा प्रश्न रकान्यात बसत नाही. माझ्या दोन पानांतही नव्हता.

मग कसोटी कुठे शोधायची? पौलाकडे जाऊ. करिंथ शहरात बाजारात मिळणारं बरंचसं मांस आधी देवळांत वाहिलेलं असे. नव्या ख्रिस्ती मंडळीपुढे प्रश्न पडला : खायचं की नाही? यरुशलेमच्या सभेनं या बाबतीत वर्ज्य गोष्टींची छोटी यादी दिली होती, ती प्रेषितांच्या कृत्यांत पंधराव्या अध्यायात आहे. पण करिंथकरांना लिहिताना पौल ती यादी पुढे करत नाही, त्यांच्याशी वाद घालतो. त्याच्या म्हणण्याचा सारांश मी माझ्या शब्दांत सांगतो. मूर्तीला सत्ता नाही, तेव्हा मांस हे मांसच आहे. तुला मोकळीक आहे. पण मोकळीक असलेली प्रत्येक गोष्ट हिताची असते का? ती तुझ्यावर सत्ता गाजवू लागली आहे का? आणि तुझ्या खाण्यानं शेजारी बसलेला, ज्याचं मन अजून डळमळीत आहे, तो पडणार आहे का? तीन प्रश्न. तिन्ही खाणाऱ्याबद्दल आहेत, मांसाबद्दल एकही नाही.

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचा आपल्या मंडळ्यांत फार गैरवापर होतो. जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो तोच 'माझी श्रद्धा दुखावली' म्हणत दुर्बळ बंधू होऊन बसतो. पौलाचा दुर्बळ बंधू म्हणजे नाराज होणारा नव्हे. आपलं पाहून जो स्वतःच्या मनाविरुद्ध ओढला जाईल, तो. घरातला चौदा वर्षांचा मुलगा दुर्बळ बंधू असू शकतो. मोर्चाच्या पुढे चालणारा पुढारी नसतो.

पौलाचा प्रश्न ताटातल्या अन्नाचा होता, म्हणून मला इथे एका चित्रपटाबद्दल सविस्तर बोलायचं आहे : 'बाबेतचं जेवण', डॅनिश दिग्दर्शक गाब्रिएल आक्सेल, १९८७. हाही व्हॅटिकनच्या यादीत आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एक कडक प्रोटेस्टंट पंथ. संस्थापक वारलेला, त्याच्या दोन म्हाताऱ्या मुली पंथ सांभाळतात. पॅरिसमधल्या १८७१ च्या कत्तलीतून पळून आलेली बाबेत त्यांच्याकडे स्वयंपाकीण म्हणून राहते. चौदा वर्षं ती वाळलेला मासा आणि पावाची पेज शिजवते. मग तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते, आणि संस्थापकाच्या शंभराव्या जयंतीला एक खरं फ्रेंच जेवण करू द्या, अशी ती परवानगी मागते. जिवंत कासव, लावे पक्षी, दारूच्या बाटल्या घरात येऊ लागतात. बहिणींना वाटतं आपण घरात सैतान घेतला. सगळे भक्त मिळून ठरवतात : जेवू, पण चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, जिभेला चवच नाही असं समजायचं.

आपण जे करतो तेच नव्हे का हे? पाहू, पण पाहिलं असं म्हणायचं नाही. पुढे काय होतं, तर अन्न आपलं काम करतं. वर्षानुवर्षं एकमेकांची निंदा करणाऱ्या दोघी हसतात, लाकडाच्या व्यवहारात भावाला फसवलेला कबुली देतो, आणि शेवटी म्हातारी माणसं ताऱ्यांखाली विहिरीभोवती हात धरून फिरतात. टेबलावरच्या एकाच माणसाला आपण काय खातोय हे कळतं : पाहुणा म्हणून आलेला सेनापती. तो या ठरावात नव्हता.

चित्रपट सुंदर आहे, पण माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. तो प्रेक्षकाला फार सहज सेनापतीच्या खुर्चीत बसवतो. आपण जाणकार, आपण रसिक, आणि ती भोळी म्हातारी मंडळी किती कोती, असं आपल्याला वाटू लागतं. पण विचार करा. पॅरिसच्या रसिकांनी बाबेतला वाचवलं नव्हतं. ज्या सेनानीनं त्या शहरात रक्त सांडलं, तोही तिच्या हातचं जेवणारा रसिकच होता, हे चित्रपटातच सांगितलं आहे. भर पावसात दारात आलेल्या परक्या बाईला घर दिलं ते या वाळका मासा खाणाऱ्यांनी. त्यांच्या संयमातूनच ते औदार्य आलं होतं. रोजचं साधं खाणं आणि गरिबांकडे डबे पोचवणं ही त्यांच्या घरची एकच शिस्त होती. चित्रपट हे दाखवतो, पण त्यावर रेंगाळत नाही. मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला माझे वडील त्या टेबलावर बसलेले दिसले. त्यांच्या पट्टीचा राग होता तो राहिला, पण दुष्काळात आमच्या ओसरीवर पंगत बसायची, तीही आठवली.

आता पौलाच्या प्रश्नांची उत्तरं मिळवायची कशी? 'हे हिताचं आहे का' हे कळतं कशावरून? इथे मला इग्नेशियस लोयोलाचा अनुभव फार उपयोगी वाटतो. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं या सरदाराचा पाय मोडला. घरी पडून असताना त्यानं वेळ घालवायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. तेव्हाची लोकप्रिय मालिकाच ती. घरात त्या नव्हत्या. होतं एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतांच्या कथांचं पुस्तक. तो ते वाची, आणि मधूनमधून जुन्या सवयीनं एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम करण्याची स्वप्नं रंगवी. दोन्ही त्याला आवडत, रमवत. फरक नंतर पडे. पराक्रमाची स्वप्नं संपली की मन कोरडं, असमाधानी होई. संतांसारखं काही करण्याचा विचार संपल्यावरही मन प्रसन्न राही. बरेच दिवस हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एके दिवशी आलं, आणि ख्रिस्ती परंपरेतली 'आत्म्यांची पारख' या नावाची पुढची सगळी शिकवण त्या एका निरीक्षणातून वाढली.

लक्षात घ्या, पाहताना आनंद झाला का हा प्रश्न त्यानं बाजूला ठेवला, कारण आनंद दोन्हीकडे होता. त्यानं मागे राहिलेली चव तपासली. जेवणाची पारख ताटावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

पण यातली अडचण ओळखा. इग्नेशियसकडे बिछाना होता, मोडका पाय होता, आणि दोन वाचनांच्या मध्ये भिंतीकडे पाहत पडण्याचा रिकामा वेळ होता. आज एक भाग संपतो, नावं यायला लागतात, आणि आपण बोट हलवायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. रीलमध्ये तर तेवढीही उसंत नाही. मागे राहिलेली चव कळायच्या आत पुढचा घास तोंडात. तेव्हा काय निवडायचं याच्याही आधी, निवडायला जागा उरली आहे का हे पाहावं लागतं. माझ्या मते आजच्या काळातला पहिला उपवास हा आहे : एक गोष्ट संपली की थांबायचं, फोन पालथा ठेवायचा, दहा मिनिटं काही पाहायचं नाही.

यावर कुणी जाणकार म्हणेल, सर, मग ज्यानं मनाला शांत वाटतं तेवढंच पाहायचं का? नाही. इग्नेशियसनंच सांगून ठेवलंय की जो माणूस वाईटाकडे निवांत चालला आहे, त्याला चांगला आत्मा टोचतो. अस्वस्थता दोन प्रकारची. एक उकिरड्यावरून आल्यावर होते ती, दुसरी आरसा पाहिल्यावर होते ती.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मी चित्रगृहात पाहिला. माझ्या दोन पानांचे रकाने त्याला लावले असते तर शिव्यांच्या रकान्यातच तो नापास झाला असता. शेवटी तो मुलगा, जब्या, दगड भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे येतो. बाहेर आलो, रिक्षा सोडून चालत घरी गेलो. रात्री झोप नाही. मला आठवत होतं की आमच्या मंडळीत, जिथे प्रभुभोजनाला आम्ही सगळे एकच भाकर मोडतो, तिथेही सोयरीक जमवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण तुम्ही?" मी स्वतः ते एकदा विचारलं आहे. माझ्याच घरच्या एका लग्नात. त्या रात्री टोचत होतं ते हे. तो चित्रपट मला दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाच्या दारात घेऊन गेला, माफी मागायला, बारा वर्षं उशिरा. आता सांगा, ती अस्वस्थता कुठल्या आत्म्याची?

आणि याच्या उलट बाजू. मी रोज रात्री नऊ वाजता बातम्यांच्या वाहिनीवरची चर्चा पाहत असे. वर्षानुवर्षं. त्यात उघडंवाघडं काही नाही, शिवी नाही, बंदुकीची गोळी नाही. माझ्या यादीत 'बातम्या' डाव्या बाजूला, 'चालेल'मध्ये, सगळ्यांत वर होत्या. इग्नेशियसची कसोटी दुसऱ्यांना शिकवताना एकदा वाटलं, स्वतःवर लावून पाहू. आठ दिवस रोज रात्री दहा वाजता वहीत एक ओळ लिहायची, मनात काय उरलंय ते. आठही दिवस एकच : राग. तोही कुणावर, तर ज्यांना मी ओळखत नाही अशांवर. तिसऱ्या दिवशी तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव वहीत होतं. बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो चर्चेतल्या चुकीच्या पक्षाला मत देतो. मला त्या चर्चेतून माहिती मिळत नव्हती, अलिपियससारखी गर्जना मिळत होती. आखाडा दिवाणखान्यात होता आणि मी पत्नीलाही बोलावून शेजारी बसवत होतो.

ती वही मी अजून ठेवली आहे. माझ्या यादीनं पास केलेली गोष्ट मला रोज थोडी बिघडवत होती, आणि नापास केली असती अशा गोष्टीनं मला एका दारापर्यंत नेलं होतं. टीका म्हणून एवढं पुरे आहे.

पण नुसतं टाळून काही भागत नाही, म्हणून शेवटी आपल्याच भाषेतली एक गोष्ट. सोळाव्या शतकात गोव्यात नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं ऐकायला, गायला मनाई झाली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये तिथे आला. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी असा प्रसंग आहे की एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? प्रश्न बिनतोड होता. रिकामं घर फार दिवस रिकामं राहत नाही. स्टीफन्सनं नवी मनाई काढली नाही. तो मराठी शिकला, ओवी शिकला, आणि 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. परक्या माणसानं आपल्या भाषेची अशी पारख केली की मनाईचं काय झालं ते बाजूला राहिलं, आणि ओव्या टिकल्या. मुलांच्या हातून काही काढून घेणाऱ्या प्रत्येक आईबापानं, पाळकानं, मास्तरानं त्या ब्राह्मणाचा प्रश्न स्वतःला विचारावा : त्याच्या जागी मी काय देतोय?

मी काय दिलं ते सांगतो. मोठं काही नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू आला, आता सतरा वर्षांचा. मी त्याला म्हटलं, ती यादी फाडून टाक, माझ्याकडून चूक झाली. एक संध्याकाळ तू निवडशील ते मी पाहतो, दुसऱ्या संध्याकाळी मी निवडीन ते तू पाहा. संपलं की टीव्ही बंद, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, आणि मग एकच प्रश्न : आत काय उरलं? त्यानं एक कोरियन मालिका लावली. रक्त इतकं की मी दोनदा उठून स्वयंपाकघरात गेलो. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "मला भीती वाटली, पण जे मेले त्यांची नावंच आठवत नाहीयेत." बस, एवढंच. मी काही उपदेश केला नाही. मोह फार झाला होता. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मी 'संत तुकाराम' लावला. तंबूची आणि पट्टीची गोष्ट सांगितली, तो खूप हसला. सिनेमा त्याला संथ वाटला, मध्ये एकदा फोन पाहिला. ती दहा मिनिटं झाल्यावर मला विचारतो, "आजोबा, तुमच्या बाबांनी हा कधीच पाहिला नाही?"

नाही पाहिला. ते १९९१ मध्ये वारले.

पारख म्हणजे काय, याची व्याख्या आज मी दिलेली नाही. तिसऱ्या संध्याकाळी नातू काय लावतो, हे पाहायचं आहे. दर शनिवारचा फोन पुन्हा सुरू झाला आहे, एवढं सांगून थांबतो.